एकवीसच लाइक आले म्हणून

प्रश्न : ताई, माझी मुलगी नववीत आहे. दोन महिन्यांपूर्वी मैत्रिणीच्या वाढदिवसाचा एक फोटो तिनं सोशल मीडियावर टाकला. आधी मला दाखवला, खुशीत होती. जेवताना फोन ताटाशेजारी पालथा ठेवला होता, पण दर मिनिटाला उलटून बघत होती. तासाभरानं फोटो गायब! विचारलं तर म्हणाली, "एकवीसच लाइक आले. तिच्या फोटोला दीडशे आहेत." तेव्हापासून ती स्वतःचं काहीच टाकत नाही, पण फोन हातातून सुटत नाही. रात्री साडेबारालासुद्धा पांघरुणात उजेड दिसतो. आरशासमोर उभी राहून "माझं नाक किती घाण आहे" म्हणते. काही बोलायला गेलं की, "आई, तुला नाही कळणार." तिचे बाबा म्हणतात, फोन काढूनच घे. मी काय करू?

– एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. ती आता काही टाकत नाही, नुसतं बघते. फोटो काढून टाकला त्या दिवशी तिला लागलं असेल, पण तसं लागणं ओसरतं. त्यानंतरचं हे गप्प बघत राहणं मला जास्त काळजीचं वाटतं. मैत्रिणींशी तिथं गप्पा मारणारी, भांडणारी मुलगी निदान कुणाच्या तरी सोबत असते. नुसतं बघणारी एकटी असते आणि मनातल्या मनात सारखी स्वतःला मोजत असते. समुपदेशनाच्या खोलीत माझ्यासमोर बसलेल्या मुलींकडून मी हे पुन्हा पुन्हा ऐकलं आहे.

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं होतं की, माणूस स्वतःला जोखायला आपल्यासारख्याच माणसांकडे बघतो. सिनेमातल्या नटीचं नाक टोचत नाही, शेजारच्या बाकावरच्या मुलीचं टोचतं. मीही नववीत असताना अशी तुलना करून रडले आहे. पण शाळा सुटली की ती मुलगी तिच्या घरी जायची, मी माझ्या. आणि आमच्या चेहऱ्याखाली कुणी आकडा लिहीत नव्हतं. फेसबुकनं २००९ मध्ये लाइकचं बटण आणलं आणि तो आकडा आला. तुमच्या लेकीला एकवीस आणि दीडशे हे दोन आकडे तोंडपाठ आहेत, त्याला दोन महिने झाले तरी.

पालथा ठेवलेला फोन ती दर मिनिटाला का उलटत होती? प्रत्येक वेळी लाइक मिळालाच असता तर तिला लवकर कंटाळा आला असता. कधी मिळतो, कधी नाही, म्हणून हात पुन्हा जातो. बक्षीस कधी मिळेल याचा भरवसा नसला की प्राणी जास्त चिकाटीनं प्रयत्न करत राहतात, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून फार पूर्वी दिसलं आहे. हे तिला जरूर सांगा. आपण मनानं कमकुवत आहोत, असं या मुलींना वाटत असतं.

आता नाकाबद्दल. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. त्यात एक नोंद होती : आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना याच कंपनीच्या इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं. यातलं 'वाईट वाटत असताना' हे वारंवार वाचा. म्हणजे सल आधीचा असू शकतो, फोन त्यावर मीठ चोळतो. तिच्या नाकाबद्दल कुणी काही बोललं होतं का? वर्गात, नातेवाइकांत, घरात? गमतीनं म्हटलेलंसुद्धा आठवून बघा. फोन काढून घेतला तरी ते वाक्य तिच्यापाशीच राहणार आहे.

तिच्या बाबांची तळमळ मला समजते. तरी एका दिवसात फोन हिसकावून घेऊ नका. तिच्या मैत्रिणी तिथं आहेत, आणि पुढच्या वेळी तिला काही खुपलं तर ती तुमच्यापासून लपवेल. २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली गेली, तेव्हा मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. पण ही सरासरी आहे. सगळ्या मुलांचं फोननं वाटोळं होतंय, हे जसं त्यातून सिद्ध होत नाही, तसं तुमची मुलगी ठीक आहे, हेही होत नाही.

मला स्वतःला एक प्रयोग फार उपयोगी वाटतो. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांपैकी काहींनी तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज दहा-दहा मिनिटंच वापरलं. त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. गंमत पुढे आहे : ज्यांनी नेहमीसारखाच वापर चालू ठेवला, त्यांचीही अस्वस्थता थोडी उतरली. आपला वापर नोंदवला जातोय याचं भान आलं, एवढंच बहुधा कारण. म्हणून एक वही करा. किती वेळ बघितलं आणि बघून झाल्यावर कसं वाटलं, एवढंच लिहायचं. तिनं तिच्या वहीत, तुम्ही तुमच्या. तिची वही मागायची नाही, तुमची मात्र उघडी ठेवा. कुणाचं बघून झाल्यावर आपण खट्टू होतो, हे तिचं तिला कळलं की ते खातं बघणं बंद करायला तुम्हाला सांगावं लागणार नाही. लाइकचा आकडा लपवायची सोयही इन्स्टाग्रामवर २०२१ पासून आहे, ती दोघी मिळून शोधा.

एका बाबतीत मात्र थांबू नका. ती जेवण टाळू लागली, शाळेत जायला नको म्हणू लागली, अंगावर जखमा दिसल्या किंवा "मी नसलेलीच बरी" असं काही बोलली, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. त्या दिवशी वही वगैरे काही नाही.

रात्रीचा नियम आजपासूनच करा : साडेनऊनंतर सगळे फोन बाहेरच्या खोलीत, बाबांचासुद्धा. ती म्हणेल, सकाळचा गजर फोनमध्येच आहे. म्हणून गजराचं साधं घड्याळ आधीच आणून तिच्या उशाशी ठेवा.