मेजर, आधी तुमचं बघू, मग मुलाचं

नमस्कार मेजर,

हवालदार म्हणून रिटायर झालात तरी गावात सगळे मेजरच म्हणतात असं लिहिलंय, म्हणून मीही तेच म्हणते. पत्र दोनदा वाचलं. मुलाला बारावी सायन्सला 64 टक्के, त्याला राहुरीला बीएस्सी अ‍ॅग्री करायचंय, आणि तुम्हाला एनडीए, ते नाही जमलं तर अग्निवीर, कारण घरातली तिसरी पिढी वर्दीत पाहिजे. मुलाबद्दल एवढंच, चार ओळी. बाकी दीड पान काय, तर पहाटे पाचला उठवणं, फ्रिजवर चिकटवलेलं टाइमटेबल, रात्री आठला मोबाईल जमा, आणि जेवताना उलटं बोलला म्हणून तुम्ही दोन दिवस त्याच्याशी धरलेला अबोला. मार्कांचं मला काही टेन्शन आलं नाही, ह्या दीड पानाचं आलं.

स्पष्टच बोलते, राग आला तरी चालेल. 24 वर्षं ईएमईत, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती विभागात, गाड्या दुरुस्त केल्या, हाताखाली पोरं होती, सकाळी पीटी, संध्याकाळी रोलकॉल, लंगरमध्ये सगळ्यांसोबत जेवण, आणि एक दिवस पेटी घेऊन घरी आलात तर इथे सगळं तुमच्यावाचून नीट चाललेलं. वहिनींनी एकटीने शेत, सासूचं आजारपण, पोरांच्या शाळा सगळं ओढलं, आता त्यांना डेअरीचा हिशोब कसा ठेवायचा हे शिकवायला गेलात तर त्या वैतागणारच ना. मुलगा तर तुमच्या वाट्याला आला तो रजेपुरताच, तेव्हा तुम्ही खाऊ आणायचे आणि लाड करायचे, आता तेच पप्पा रोज ऑर्डर सोडतात. त्याला हा माणूस नवीन आहे आणि तुम्हाला तो. तुमची पलटण सुटली म्हणून घरात दुसरी उभी करताय, आणि त्यात जवान एकच, तोही जबरदस्तीने भरती केलेला.

'कॅन्टीनला जायच्या दिवशी बूट पॉलिश करतो, तेवढा दिवस बरा जातो' हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य तेच आहे. मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत कोणीतरी विचारतं कुठली युनिट, लेहला कधी होता, आणि अर्धा तास कुठे जातो कळत नाही. मग ते महिन्यातून एकदाच का? सातारा जिल्ह्यात फौजींना काय तोटा, अपशिंगे मिलिटरीसारखी अख्खी गावं आहेत. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत जाऊन बसा, नुसतं 15 ऑगस्टला मेडल लावून नाही, एरवीही. आणि रात्री तीनला जाग येते ती रोजचीच असेल तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांना सांगा, तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात, त्यात लाज कसली. कॅन्टीनच्या दारूचा कोटा महिनाभर पुरतो की आधीच संपतो, हेही तुमचं तुम्ही तपासा.

आता अग्निवीर. तुम्हाला वाटतंय मुलगाही तुमच्यासारखीच नोकरी करेल, पेन्शन घेईल, मग माजी सैनिक कोट्यातून बँकेत लागेल. तसं नाहीये मेजर. 2022 पासून जवान म्हणून जायचा रस्ता हाच आहे, चार वर्षांचा, आणि त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम होतात. बाकीच्यांना शेवटी सेवा निधीचे साधारण 11.71 लाख, त्यातला निम्मा भाग पोराच्याच पगारातून कापलेला, पण पेन्शन नाही, कॅन्टीन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. स्वतःच्या मनाने जाणाऱ्या पोराला मी अडवणार नाही. पण तुमच्या हौसेसाठी जाऊन बावीस-तेविसाव्या वर्षी परत आला, तर आज तुम्ही जिथे बसलाय तिथेच तो बसेल, आणि तेही पेन्शनशिवाय.

एनडीएची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा असते, पुढे एसएसबीच्या मुलाखतीत पाच दिवस घासून बघतात, मनातून नको असलेला मुलगा तिथे टिकत नाही. अ‍ॅग्रीला जाऊ द्या त्याला. 'शेतीच करायची तर शिकायचं कशाला' हे परत त्याच्यासमोर म्हणू नका. उलट तुमच्या नोकरीचा त्याला फायदा आहे, माजी सैनिकांच्या मुलांना प्रोफेशनल डिग्रीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती असते, मुलांना महिना 2500, बारावीला किमान 60 टक्के लागतात, ते त्याला आहेत. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाचा, साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

तिथे गेलाच आहात तर स्वतःचंही नाव नोंदवून या, डिस्चार्ज बुक सोबत न्या. मेस्को, म्हणजे माजी सैनिक महामंडळातर्फे सिक्युरिटीची कामं मिळतात, राज्याच्या गट क आणि ड भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, हे तुम्हाला माहीतच असेल. पण मला विचाराल तर, तुमच्यासारख्या मेकॅनिकने एटीएमबाहेर खुर्ची टाकून बसू नये. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा, डिझेल इंजिन उघडून दाखवणारा माणूस त्यांना नको असेल असं वाटत नाही, आणि तिथल्या पोरांना दरडावलंत तरी ती ऐकतील कारण शिकायला आलेली असतील. संभाजीनगरच्या इको बटालियनमध्ये तर माजी सैनिकच झाडं लावतात. फौजेतून येऊन राळेगण सुधारणाऱ्या अण्णा हजारेंचं उदाहरण तुम्हाला सगळे देत असतील, ते सोडा, अख्खं गाव सुधारायची काही गरज नाही, आधी ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड टाका.

मुलाचा सीईटीचा स्कोअर कळवा, तो तुम्ही लिहिलाच नाही. आणि तो त्यालाच लिहायला सांगा.