वाचकांचे प्रश्न : रीफ टाकीतला ऐप्टेशिया

प्रश्न : माझी 60 लिटरची रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, आहे. झोअँथिड या कोरलसारख्या जिवाच्या एका तुकड्याबरोबर लांब देठाचे, अर्धपारदर्शक तपकिरी ॲनिमोन (फुलासारखे दिसणारे समुद्री जीव) आले. तीनच होते, म्हणून कटरने खरवडून काढले. महिन्याभरात वीसेक झाले. असं का झालं आणि आता काय करू? (ठाणे)

उत्तर : वर्णनावरून हा ऐप्टेशिया आहे आणि तो वाढला खरवडल्यामुळेच. त्याच्या बुडाचा कणभर तुकडा खडकाला चिकटून राहिला तरी त्यातून नवा जीव उभा राहतो. कोणी हात लावला नाही तरीही तो जागा बदलताना असे तुकडे मागे सोडत जातो. शिवाय डिवचलं की दंशपेशींनी भरलेले पांढरे धागे बाहेर टाकतो आणि शेजारच्या कोरलला भाजून काढतो. त्यामुळे कटर, ब्रश आणि चिमटा आजपासून बंद.

धक्का लागताच तो खडकाच्या भोकात आक्रसतो, म्हणून वरवर टाकलेलं काही उपयोगी पडत नाही. औषध तोंडातून आत गेलं पाहिजे. वीसच्या आसपास संख्या असेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. ॲक्वेरियमसाठी 'काल्कवासर' नावाने मिळणारी भुकटी थोड्याशा आरओ पाण्यात कालवून इडलीच्या पिठाइतकी दाट करा. पातळ झाली तर ती पाण्यात पसरते, फार घट्ट झाली तर सुईत अडकते. इन्शुलिनची सुई यासाठी बारीक पडते. 3 किंवा 5 मिलीची सिरिंज आणि 18 गेजची बोथट सुई घ्या, किंवा सिरिंजला हवेच्या पंपाची (एअरलाइनची) कडक नळी जोडा. पेस्ट दाहक असते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच.

पंप आणि वेव्हमेकर (टाकीत लाटा उठवणारा पंखा) बंद करून दहा मिनिटं थांबा. सगळे ॲनिमोन नीट फुलले की गोठवलेल्या ब्राइन श्रिंपचं (माशांना घालतात त्या कोळंबीसारख्या बारीक जिवांचं) थोडं पाणी त्यांच्यावर सोडा. खायला मिळतंय असं वाटलं की तोंड उघडतं. मग सुई न टेकवता, अगदी जवळून, पेस्टचा एक थेंब मधोमध हळूच ठेवा. जोरात दाबलंत तर ॲनिमोन आत ओढला जाईल आणि पेस्ट बाहेरच राहील. मोठ्यांपासून सुरुवात करा. वीस मिनिटांनी वर साचलेली पेस्ट नळीने ओढून काढा आणि मगच पंप चालू करा, नाहीतर पांढरा गाळ कोरलवर जाऊन बसेल. मेलेला ॲनिमोन एक-दोन दिवसांत विरघळतो. तो कुजताना अमोनिया वाढतो, म्हणून एका वेळी चार-पाचच मारा आणि दुसऱ्या दिवशी 10 टक्के पाणी बदला.

तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहा. पहिल्या वेळी जे बारीक होते ते आता दिसायला लागतात. ही फेरी महिनाभर दर आठवड्याला करावी लागते. दोनदा करून सोडून देणं हे उपाय फसण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

आणि माशांना घालता ते खाणं निम्म्यावर आणा. ऐप्टेशियाच्या अंगात प्रकाशावर जगणारं शेवाळ असतं, त्यामुळे उपाशी ठेवून तो मरत नाही. पण रोज उरणाऱ्या अन्नावर त्याची संख्या झपाट्याने वाढते.

प्रश्न : काल्कवासर म्हणजे चुनाच ना? मग पानाचा चुना वापरला तर? लिंबाचा रसही चालतो असं ऐकलं. (पुणे)

उत्तर : काल्कवासर आणि चुना एकच रसायन आहेत. रीफवाले टाकीतलं उडालेलं पाणी भरून काढायला जे वापरतात ती आपली चुन्याची निवळीच. तरी पानाचा चुना टाळा. त्यात कोणत्या दगडाची काय भेसळ आहे ते कळत नाही, काहींत सुगंधही घातलेला असतो. शिवाय हवा लागलेल्या चुन्याचं हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि त्याने ॲनिमोनला काहीही होत नाही. काल्कवासरचा डबाही याच कारणाने घट्ट बंद ठेवायचा.

छोट्या टाकीत खरी अडचण मात्रेची. 60 लिटरच्या टाकीत खडक आणि वाळू वजा जाता पाणी जेमतेम 50 लिटर असतं. त्यात 1 ग्रॅम चुना पूर्ण विरघळला तर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता, ती डीकेएच या एककात मोजतात) साधारण दीड डीकेएचने चढते, आणि सामूही उडी मारतो. म्हणून एका दिवसात पाव ग्रॅमच्या वर जाऊ नका. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा बाजारात स्वस्तात मिळतो, तो घ्या.

लिंबाचा रस किंवा व्हिनेगर बारक्या, नखाएवढ्या ॲनिमोनवर चालतं. तिथे इन्शुलिनची सिरिंज योग्य. सुई देठात खुपसून पाव-अर्धा मिली आत सोडायचा, एका दिवसात एकूण 2 मिली. मोठा ॲनिमोन मात्र रसाने बऱ्याचदा अर्धाच मरतो. सुपरग्लूने भोक बुजवण्याचा सल्ला तर सोडूनच द्या. आठवड्याभरात तो कडेने बाहेर डोकावतो.

प्रश्न : दुकानातून दोन पेपरमिंट कोळंबी आणली. ऐप्टेशिया तसाच आहे, उलट झोअँथिड आणि मशरूम कोरल कुरतडलेले दिसतात. (नागपूर)

उत्तर : ती बहुधा पेपरमिंट नाहीच. रात्री टॉर्चच्या उजेडात पाहा. पाठीवर कुबड, मोठे डोळे आणि लाल रंगाच्या मधे ठळक पांढऱ्या रेषा व ठिपके असतील तर ती कॅमल कोळंबी. ती मऊ कोरल खाते. खरी पेपरमिंट अंगाने पारदर्शक असते, तिच्यावर बारीक लालसर रेषा असतात आणि पांढरं काहीच नसतं. तिचे नामांकित प्रकार अटलांटिक आणि कॅरिबियनकडचे. आपल्याकडे बराच माल हिंद-प्रशांत महासागरातून येतो, म्हणून ही अदलाबदल वारंवार होते.

कॅमल असेल तर लगेच काढा. अर्ध्या लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवा, आत कोळंबीचा तुकडा ठेवा, दिवे गेल्यावर टाकीत सोडा. सकाळपर्यंत ती सापडते.

खरी पेपरमिंटही बारका ऐप्टेशियाच खाते. रुपयाच्या नाण्याएवढा फुललेला असेल तर तिकडे फिरकत नाही, आणि माशांचं खाणं भरपूर मिळालं तर कशालाच हात लावत नाही. आधी मोठे पेस्टने मारा, मग 60 ते 100 लिटरला दोन-तीन कोळंब्या सोडा. कॉपरबँड बटरफ्लाय मासा ऐप्टेशिया खातो हे खरं, पण छोट्या टाकीत तो हाल होऊन मरतो. तो विकत घेऊच नका.

प्रश्न : इथे बर्गिया गोगलगाय सहज मिळते. 110 लिटरची टाकी, ऐप्टेशिया शंभरच्या वर. किती घ्याव्यात? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : एवढ्या संख्येला सिरिंज पुरी पडत नाही, तुमचा विचार बरोबर आहे. ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय ऐप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही, म्हणून कोरलला धोका नाही. सहा ते आठ घ्या. त्या उभयलिंगी असतात, तरी अंडी घालायला जोडीदार लागतो. काचेवर किंवा खडकावर पांढरी गुंडाळलेली अंड्यांची माळ दिसली की समजा बस्तान बसलं. पिल्लं साधारण दोन आठवड्यांत निघतात. खरा फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. तोवर बरेच जण 'मेल्या असतील' म्हणून पेस्ट मारायला घेतात आणि खरोखरच मारतात.

दिवे गेल्यावर, पंप बंद करून, ड्रॉपरने ऐप्टेशियाच्या बुडाशी सोडा, वरून टाकू नका. पंप आणि ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं जास्तीचं पाणी बाहेर जाण्याच्या वाटेच्या) तोंडाला जाड स्पंज लावा. टाकीत पेपरमिंट कोळंबी किंवा सिक्सलाइन रॅस मासा असेल तर पैसे वाया गेले असं समजा. ऐप्टेशिया संपला की त्या उपाशी मरतात, म्हणून शेवटचे काही ॲनिमोन दिसत असतानाच त्या दुसऱ्या हौशी माणसाला देऊन टाका.

आखूड, जाड, हिरवट आणि टोकाला फुगीर भुजा असलेले ॲनिमोनही तुमच्याकडे असतील तर ते मजानो. बर्गिया त्यांना तोंड लावत नाही. त्यांच्यासाठी पेस्टच.

प्रश्न : कंटाळून सगळा खडक उकळून काढायचं ठरवलं आहे. त्याऐवजी किनाऱ्यावरून नवा दगड आणला तर चालेल का? (मडगाव)

उत्तर : उकळू नका. झोअँथिड आणि विशेषतः त्यांच्यातल्याच पॅलिथोआ या प्रकारामध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. अशा खडकाच्या वाफेने घरातली सगळी माणसं दवाखान्यात पोहोचल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत. गरम पाण्याने धुणं आणि घरात कोरडं घासणंही तितकंच वाईट. ज्यावर कोरल नाही तो खडक बादलीत, झाकण लावून, अंधारात सोडला तरी ऐप्टेशिया आठवडेच्या आठवडे तग धरतो. खडक बाहेर उन्हात पूर्ण वाळू द्या, दोन-तीन आठवडे. त्यावरचे उपयोगी जिवाणूही मरतात, म्हणून एका वेळी एकतृतीयांशच खडक काढा आणि परत टाकण्याआधी वेगळ्या बादलीतल्या खाऱ्या पाण्यात अमोनिया शून्य येईपर्यंत ठेवा.

किनाऱ्यावरचा दगड आणू नका. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या दगडांवर नवे ॲनिमोन, खेकडे आणि किडे येतातच. शिवाय दगडावर कोरल असेल तर प्रकरण गंभीर आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळभिंती बांधणारे सर्व कठीण कोरल पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि तुमच्या उत्तरेला मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. कोरडा किंवा कृत्रिम रीफ खडक विकत घ्या.

नवं कोरल घेताना ते ज्या तुकड्यावर चिकटवलेलं असतं तो काढून फेका आणि कोरल स्वच्छ तुकड्यावर लावा. आयोडीनच्या द्रावणात बुडवून (डिप) ऐप्टेशिया मरत नाही. वेगळ्या छोट्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवा आणि रात्री टॉर्चने खालून पाहा, ते बहुधा खालच्याच बाजूला बसलेले असतात. आणि टाकीतलं पाणी किंवा काढलेला दगड खाडीत टाकू नका. पाणी बाथरूमच्या नाळीत, दगड वाळवून कचऱ्यात.