‘ताप अंगावर काढला’ म्हणजे कुठे काढला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठी नव्याने शिकताय, दवाखान्यात नोंदी घेताय आणि "ताप अंगावर काढला", "बाळ अजून अंगावर पितं", "अंगावरून जातं" अशी वाक्यं रोज कानावर पडतात. ‘अंग म्हणजे शरीर’ हा अर्थ तिन्ही ठिकाणी लावून पाहिला, कुठेच बसला नाही. तो बसणारही नाही. "ताप शरीरावर काढला" असं एकदा मोठ्याने म्हणून बघा. शरीर हा तपासायचा शब्द आहे आणि देह हा ठेवायचा किंवा दान करायचा. अंग या दोघांहून वेगळं. ज्याचं त्याला जाणवतं ते अंग, आणि म्हणून पुष्कळदा त्याचा अर्थ सरळ ‘स्वतः’ असा होतो. जुन्या मराठीत ‘आंगें’ म्हणजे ‘स्वतः, जातीने’ असा वापर होताच.

हे धरून चाललात तर निम्मी गुंतागुंत सुटते. बाकीची पुढे कोणता प्रत्यय लागलाय त्यावर असते. म्हणून ‘अंग’ सुटं पाठ करू नका. अंगी, अंगात, अंगावर, अंगाला, अंगाशी हे वेगवेगळे शब्द समजूनच शिका.

आधी तुमची तीन वाक्यं. दुखणं अंगावर काढणं म्हणजे औषधपाणी न करता, आडवं न होता, कामं चालू ठेवून ते सोसणं. नोंद करताना "उपचार घेतले नाहीत" एवढं लिहिलंत की झालं, मात्र किती दिवस काढलं ते विचारा. बाळ अंगावर पितं म्हणजे आईचं दूध पितं. ‘स्तन’ हा शब्द बोलण्यात टाळायचा म्हणून अंग पुढे आलं. अंगावरचं दूध, अंगावर पाजणं हे त्याच घरातलं. "अंगावर जातं" किंवा "अंगावरून जातं" हेही बायकांच्या बोलण्यातलं आडवळण. योनीतून जाणारा स्राव, पांढरा किंवा लाल. कोणता ते बहुतेक वेळा सांगितलं जात नाही, विचारावं लागतं. "अंग बाहेर येतं" असं कुणी म्हणाली तर तो गर्भाशय खाली सरकल्याचा त्रास. इथे अंग म्हणजे नाव न घ्यायचा अवयव.

एक सावधगिरी. "अंगावरून वारं गेलं" हे ऐकायला अगदी तसंच, पण तो पक्षाघात. एका शब्दाच्या फरकाने पेशंट वेगळ्याच विभागात जायचा.

‘अंगावर’चा दवाखान्याबाहेरचा संसारही मोठा आहे. काटा येतो तो अंगावर, पाणी घेतो ते अंगावर, ही नुसती कातडी. कुत्रं अंगावर येतं, माणूस अंगावर धावून जातो, साहेब अंगावर ओरडतात, हा हल्ला. भडक रंग किंवा एखादा सिनेमा ‘अंगावर येतो’ तो याच वाटेने. (परीक्षणं लिहिणाऱ्यांनी हा प्रयोग इतका वापरलाय की आता काहीच अंगावर येत नाही.) मग जबाबदारी. ती आपण अंगावर घेतो, दुसरा आपल्या अंगावर टाकतो, नाहीतर ती नुसतीच अंगावर पडते. घेण्यात आपली मर्जी आहे, पडण्यात नाही. उचल घेतली आणि फिटली नाही तर ती अंगावर राहते. स्तुतीने मात्र मूठभर मांस चढतं, तेही अंगावरच.

‘अंगात’ म्हणजे आत, हे ताप, त्राण, रग, आळस यांच्यापुरतं सरळ आहे. अंगात येणं म्हणजे दैवताचा संचार होणं, आणि थट्टेत, एखाद्याचं अचानक बेफाम होणं. पण कपड्यांपाशी नवशिका अडखळतो. आपण शर्टाच्या आत असतो, तरी शर्ट ‘अंगात’ घालतो. मराठीत घालायची वस्तू ज्या अवयवावर बसते त्यालाच ‘-त’ लागतो: पायात चप्पल, बोटात अंगठी, हातात बांगडी. सदरा, झबलं, स्वेटर हे धडावर चढवायचे, म्हणून अंगात. इथे अंग म्हणजे मान ते कंबर. अंगरखा आणि तान्ह्याचं अंगडं यांतलं अंगही तेवढंच. शाल अंगावर घेतात. साडी नि धोतर नेसतात, ती अंगात जात नाहीत.

‘अंगी’ ही जुनी सप्तमी आता मुख्यतः गुणांसाठी उरलीय. अंगी नम्रता असते, शिस्त अंगी बाणते. "अंगी ताप आहे" म्हणालात तर लोक वळून बघतील. अपवाद म्हणजे खाल्लेलं अंगी लागणं, तिथे मामला अगदी शारीरिक आहे.

‘अंगाशी येणं’ आणि ‘अंगलट येणं’ यांत मला फरक जाणवत नाही. केलेल्या उद्योगाचं फळ भोगावं लागणं, दोन्हींत तेच.

प्रत्ययाशिवाय, क्रियापदाला थेट चिकटून येणारं अंग जास्त मजेशीर. गर्दीत अंग चोरून उभं राहणं हा भिडस्तपणा किंवा नाइलाज. कामात अंग चोरणं ही लबाडी, आणि असं करणारा तो अंगचोर. दोन्हींत माणूस स्वतःला आक्रसून घेतो, फक्त हेतू बदलतो. अंग काढून घेणं म्हणजे सुरुवातीला असून मधेच बाजूला होणं. अंग झाडणं म्हणजे आपला कधी संबंधच नव्हता असं दाखवणं. दमून आल्यावर आपण अंग टाकतो ते अंथरुणावर. बाळाने अंग टाकलं म्हणजे ते सुकलं, आणि अंग धरलं म्हणजे भरलं. ही शेवटची दोन तुमच्या नोंदींतही येतील. ‘अंग मोडून येतं’ हेही येईल: ताप चढण्याआधीची ठणक. ‘अंग मोडून काम करणं’ म्हणजे मात्र कष्ट, आजार नव्हे.

अंग माणसालाच असतं असंही नाही. भाजी अंगच्या पाण्यात शिजते, रस्सा अंगाबरोबर ठेवतात, शिवणात बाही वेगळी न जोडता अंगचीच कापतात. तिन्ही ठिकाणी ‘त्या वस्तूचं स्वतःचं’ हाच अर्थ.

‘बाजू’ हा अर्थ कुठून आला असेल, असं वाटेल. झोप येत नसलेल्या माणसाकडे पाहा: तो रात्रभर या अंगावरून त्या अंगावर वळत असतो. तिथे अंग म्हणजे कूस, म्हणजेच बाजू. तिथून घराच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या खालच्या अंगाला, प्रश्नाचा वेगळ्या अंगाने विचार, असा शब्द पसरलेला दिसतो. संगीतात तो शैलीपर्यंत पोचला. सतारीवरचं गायकी अंग, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखं वाजवणं, म्हटलं की सतारवादक विलायत खाँ आठवतात.

संस्कृतात अंगाचा मुख्य अर्थ अवयव, भाग. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात अंग, प्रतीक, अवयव एका ओळीत आहेत. तो अर्थ मराठीत शास्त्राच्या शब्दांत टिकला: सहा वेदांगं, तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगं म्हणून पंचांग, भूमितीतले सर्वांगसम त्रिकोण. बोलण्यात मात्र भागाचा अख्खा झाला. म्हणून हिंदीतलं ‘अंगदान’ मराठीत जसंच्या तसं घेऊ नका, आपल्याकडे अवयवदानच म्हणतात. फलकांवर हल्ली अंगदान दिसतं, ते वाचून मला माणूस अख्खाच देऊन टाकल्यासारखं वाटतं.

अंगार आणि अंगूर यांचा या कुळाशी संबंध नाही. पहिला निखारा, दुसरा फारसीतून आलेला. त्यांना यादीतून वगळा.