दापोलीच्या थंडीत घरच्या घरी हॉट टॉडी कशी करायची? पाणी किती, व्हिस्की किती?

एका ग्लासाला 45 मिली व्हिस्की, 150 मिली पाणी, दोन चहाचे चमचे मध, एक मोठा चमचा लिंबाचा रस, दोन लवंगा आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी. लवंगा दोनच, जास्त झाल्या की जीभ बधिर होते आणि व्हिस्कीची चव कळतच नाही.

पाण्याला मसाल्यासह उकळी आणा, गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवा. ग्लास गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर जाड काच तडकते. त्यात मध आणि व्हिस्की घालून वरून पाणी गाळा, ढवळा, लिंबू शेवटी पिळा.

व्हिस्की पातेल्यात कधीही उकळू नका. अल्कोहोल 78 अंशांच्या आसपासच उकळतं. वास उडतो, वाफ नाकात झोंबते आणि गॅसवर भडका उडू शकतो. महागडी सिंगल माल्टही नको, साधी ब्लेंडेड उत्तम.

लिंबाऐवजी कोकम हवं असेल तर आगळ (कोकमाचा घट्ट रस) टाळा, त्यात मीठ असतं. अमृत कोकम (साखरेतलं गोड कोकम) दोन चमचे चालेल, पण मग मध अजिबात नको. वाडीतली पातळ सालीची दालचिनी मिळाली तर तीच घ्या. बाजारातली जाड साल उग्र लागते.

ऊब वाटते ती त्वचेपुरती, अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. समुद्रावर रात्री बसणार असाल तर स्वेटर घालाच.