कोणती पिशवी? लघवी गळण्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी लघवी न आवरण्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रांत ‘पिशवी’ हा शब्द आहे, आणि कोणती पिशवी ते कुणीच लिहिलेलं नाही. गर्भपिशवी वेगळी, लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, वेगळं. दोघी शेजारणी आहेत, एवढंच. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : दुसरं बाळंतपण होऊन पाच महिने झाले. शिंकले, हसले, बाळाला उचललं की थोडी लघवी होते. आई म्हणते, सगळ्यांनाच होतं. (३१, नाशिक)

सगळ्यांना नाही, पण पुष्कळजणींना होतं. म्हणून ते तसंच सोडून द्यायचं असं नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. बाळंतपणात ती ताणली जाते, मग पोटात दाब वाढला की मूत्रमार्ग घट्ट मिटत नाही. यावर पहिला उपाय केगेलचे व्यायाम. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने ते १९४८ मध्ये मांडले, अजून त्यांना तोड नाही. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जे आवळता, तेच स्नायू. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, सलग तीन महिने. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडणाऱ्याच मला जास्त भेटतात. बऱ्याचजणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात, त्याने उलट बिघडतं. म्हणून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाकडून किंवा यातल्या जाणकार फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या.

प्रश्न : असं होत असताना देवपूजा चालते का?

देवाचं मला विचारू नका. मात्र त्यापायी घरात बसून राहिला असाल तर या आठवड्यात डॉक्टरकडे जा.

प्रश्न : खोकताना काही होत नाही. पण घरी येऊन कुलपात किल्ली घातली की अशी जोरात लागते, की बाथरूमपर्यंत पोचत नाही. नळाच्या आवाजानेही तेच. (४९, ठाणे)

हा वेगळा प्रकार. इथे स्नायू ढिले नाहीत, मूत्राशय उतावळं आहे. चारशे-पाचशे मिलिलीटर सहज मावतील अशी जागा असताना ते थोडं भरलं तरी आकुंचन पावतं. आधी लघवीतला जंतुसंसर्ग आणि साखर तपासा. चहा-कॉफी किती होते ते प्रामाणिकपणे मोजा. ऑफिसातला ‘अर्धा कप’ही धरा. मग वेळ लांबवायची सवय करा : कळ आली की पळायचं नाही, जागीच थांबून तळाचे स्नायू आवळायचे, कळ ओसरली की चालत जायचं. दोन लघव्यांमधलं अंतर थोडंथोडं वाढवत न्या. निदान सहा आठवडे तरी द्या. गोळ्या आहेत, पण त्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं, काचबिंदूच्या काही रुग्णांना त्या चालत नाहीत. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून औषध आणू नका.

प्रश्न : दोन वर्षं खोकताना लघवी गळते. इथले डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका, सगळं थांबेल. वहिनीचीही काढलीय. काढू का? (४३, सोलापूर जिल्हा)

नाही. निदान या कारणासाठी तरी नाही.

लघवी साठते मूत्राशयात. ती धरून ठेवतात मूत्रमार्गाभोवतीचे आणि तळाचे स्नायू. यात गर्भपिशवीचा संबंध काय? अंग बाहेर येत असेल, मोठ्या गाठी मूत्राशयावर दाबत असतील, कॅन्सरची शंका असेल, तर ती काढण्याचा विचार होतो, तोही तपासण्यांनंतर. नुसत्या गळण्यासाठी ती काढणं म्हणजे नळ गळतो म्हणून शेजारणीचं घर पाडणं. उलट या ऑपरेशनने तळाचा आधार सैल पडू शकतो. सोबत बीजकोशही काढले तर चाळिशीतच इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक एकदम घटतं, मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं आणि नव्या तक्रारी सुरू होतात.

‘मुलं झाली ना, आता पिशवीचा उपयोग काय, पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य ज्यांना ऐकवलं गेलं अशा किती बायका मी पाहिल्या, याची गणती नाही. मला त्याचा संताप येतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाहणीत १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली, त्यात चाळिशीही न गाठलेल्या कितीतरी.

एक बाई माझ्याकडे आली. खुर्चीवर टेकण्याआधी तिने थैलीतून खताच्या गोणीचा कापलेला तुकडा काढला, घडी उलगडून अंथरला, मग बसली. महिन्याभरापूर्वी दुसरीकडे गर्भपिशवी काढली होती, दहाव्या दिवसापासून लघवी रात्रंदिवस ठिबकत होती. झोपेतसुद्धा. मूत्राशयात निळं औषध सोडलं, योनीत ठेवलेला कापूस निळा निघाला. मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडलं होतं. त्याला फिस्टुला म्हणतात, आणि तो दुरुस्त होतो. तिचाही झाला. पण तोवर तिला ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिक दिलं जात होतं. असं दर ऑपरेशनला होत नाही, क्वचितच होतं. पण ज्या ऑपरेशनची गरजच नव्हती, त्यात क्वचित तरी का व्हावं?

तुम्ही सोनोग्राफीचे कागद घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या. ‘उद्याच ॲडमिट व्हा’ असं कुणी म्हणालं तर खास घ्या.

प्रश्न : रात्री पाचदा उठतो, धार बारीक आहे, नंतरही थेंब थेंब गळते. जाहिरातीतल्या प्रोस्टेटच्या चूर्णाचे तीन डबे झाले. (६७, नागपूर)

चौथा घेऊ नका. तुमचं मूत्राशय रिकामंच होत नसावं. ते भरून वर वाहतंय. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढल्याने वाट अडते, किंवा जुन्या मधुमेहाने नसा बधिर होऊन भरल्याचं कळतच नाही. लघवी केल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत लगेच दिसतं. तुंबलेल्या लघवीचा दाब पुढे किडन्यांवर जातो, आणि किडन्या बिघडल्याचं दुखून कळत नाही. म्हणून युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञाकडे, आत्ता जा. सर्दीच्या गोळ्याही मनाने घेऊ नका, काहींनी लघवी अडते. पूर्ण अडली तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. लघवीत रक्त दिसलं तर, दुखो न दुखो, तेच.

प्रश्न : शाळेत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही. म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. बरोबर ना? (शिक्षिका)

चूक. लघवी दाट होऊन मूत्राशय जास्त चिडतं, संसर्ग आणि बद्धकोष्ठ होतं, आणि शौचाला कुंथून तळाचे स्नायू आणखी सैल होतात. पाणी प्या. स्वच्छतागृहासाठी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या.

प्रश्न : ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाल्यापासून कोरडा खोकला आहे, आणि तेव्हापासूनच गळतं. संबंध असेल का?

असू शकतो. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी काहींना असा खोकला लागतो, आणि खोकल्याने गळतं. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टर बदलून देतील.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या. बाथरूम दहा पावलांवर, तरी वाटेतच होते. मुद्दाम करतात असं वाटतं.

मुद्दाम कुणी करत नाही. गुडघे दुखत असतील तर दहा पावलं लांबच, त्यात परकराच्या नाडीची गाठ. नाडीऐवजी इलॅस्टिक घाला, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा, रात्री दिवा चालू ठेवा. हे अचानक सुरू झालं असेल किंवा त्या असंबद्ध बोलत असतील, तर डायपर आणण्याआधी डॉक्टरकडे न्या; बऱ्याचदा मागे संसर्ग किंवा नवी गोळी निघते.

प्रश्न : एका सीटिंगमध्ये लेझरने कायमचं बंद होतं म्हणतात. पॅकेजवर सूट आहे.

सूट आहे म्हणूनच सावध व्हा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच अशा योनीतल्या लेझरच्या जाहिरातींविरुद्ध इशारा दिला होता. आधी निदान करून घ्या.

प्रश्न : स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं की युरॉलॉजिस्टकडे? सोबत काय न्यावं?

बायकांनी स्त्रीरोगतज्ज्ञापासून सुरुवात केली तरी चालेल, पुरुषांनी युरॉलॉजिस्ट. तीन दिवसांची नोंद न्या : किती प्यायलात, कधी आणि किती लघवी झाली, कधी गळली, तेव्हा काय करत होता. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. आणि कृपा करून आदल्या मिनिटाला बाथरूमला जाऊन येऊ नका. भरल्या मूत्राशयानेच तिथे खोकून दाखवायचं असतं.