आरोग्य-जिज्ञासा : मधुमेह असूनही निरोगी?

प्रश्न : मी पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आरोग्याची व्याख्या आम्हाला पाठ करायला सांगितली आहे. माझ्या आजोबांना बरीच वर्षे मधुमेह आहे. तरी ते रोज सकाळी पर्वती चढून येतात आणि संध्याकाळी शेजारच्या मुलांना गणित शिकवतात. व्याख्येप्रमाणे ते निरोगी ठरत नाहीत, आणि आजारी म्हटले तर रागावतात. मग त्यांना म्हणायचे तरी काय?
— एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : आजोबांचा राग रास्त आहे. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा किंवा दुर्बलतेचा अभाव नव्हे, तर संपूर्ण शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती, असे ही व्याख्या सांगते. संघटनेच्या ज्या घटनेत ती आहे, तिच्यावर १९४६ साली सह्या झाल्या आणि ७ एप्रिल १९४८ रोजी ती अमलात आली. त्यानंतर व्याख्येत बदल झालेला नाही. महायुद्ध नुकतेच संपले असताना, आरोग्य म्हणजे फक्त दवाखाने आणि औषधे नव्हेत, हे सरकारांना बजावण्यासाठी एवढा व्यापक शब्दप्रयोग उपयोगी होता. मात्र ‘संपूर्ण’ या शब्दाची कसोटी काटेकोरपणे लावली, तर आजोबाच काय, परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्हीही निरोगी ठरणार नाही. मधुमेह, रक्तदाब असे आयुष्यभर सोबत राहणारे विकार वाढल्यावर ही अडचण अधिकच जाणवू लागली. म्हणून २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आरोग्याचा विचार वेगळ्या रीतीने मांडला गेला : शारीरिक, मानसिक आणि सामाजिक आव्हानांशी जुळवून घेण्याची व स्वतःची काळजी स्वतः घेण्याची क्षमता म्हणजे आरोग्य. आजोबा या कसोटीला सहज उतरतात.

तुमचा घोटाळा होतो तो आरोग्य आणि रोग ही एकाच पट्टीची दोन टोके मानल्यामुळे. अभ्यासक्रमात डिसीज, इलनेस आणि सिकनेस असे तीन शब्द येतात आणि बहुतेक विद्यार्थी ते समानार्थी समजून पुढे जातात. डिसीज म्हणजे शरीरातला, तपासणीत सापडणारा बिघाड. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आले की मधुमेहाचे निदान होते, मग त्या माणसाला काही त्रास होत असो वा नसो. इलनेस म्हणजे ज्याचा त्याला होणारा त्रास. तो तपासण्या निर्दोष असतानाही होऊ शकतो, आणि म्हणूनच ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य नर्सने शक्यतो उच्चारू नये. सिकनेस म्हणजे समाजाने त्या माणसाला दिलेली जागा. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो. पण बोटांत व्यंग राहिले असेल तर शेजारीपाजारी पुढची कित्येक वर्षे त्याला रोगीच मानतात. रोग गेला, सिकनेस मात्र उरला.

आजोबांना डिसीज आहे, इलनेस फारसा नाही, आणि सिकनेसची भूमिका त्यांनी साफ नाकारली आहे. वेलनेसबद्दल, म्हणजे नुसते रोगमुक्त असण्यापलीकडच्या सुस्थितीबद्दल, थोडक्यात सांगायचे, तर हॅल्बर्ट डन या अमेरिकी डॉक्टरांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना मांडताना आरोग्याच्या अक्षाला परिस्थितीचा दुसरा अक्ष जोडला. आजोबांची तीच साखर एखाद्या बांधकाम मजुराला असती, ज्याच्याकडे इन्सुलिन ठेवायला फ्रिज नाही आणि जेवणाची वेळ ठरलेली नाही, तर त्याचे पाय, डोळे आणि मूत्रपिंडे इतकी सुखरूप राहिली असती का? परीक्षेत व्याख्या शब्दशः लिहा, तिचे गुण मिळतील. मात्र तिच्याखाली हा फरक उदाहरणासह जरूर लिहा.

प्रश्न : २०२५च्या जानेवारीत पुण्यातील सिंहगड रस्ता आणि नांदेड गावाच्या परिसरात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण आढळले. परिसरातले पाणी सगळेच पीत होते, मग आजारी मोजकेच कसे पडले?
— जीएनएम नर्सिंगचा विद्यार्थी, धायरी

उत्तर : रोगकारक, यजमान (ज्याच्या शरीरात रोगकारक शिरतो तो) आणि पर्यावरण हा त्रिकोण तुम्ही शिकलाच असाल. त्या वेळी दूषित पाण्याचा संशय होता आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. हा जिवाणू पोटात गेलेल्या प्रत्येकाला जुलाब होतातच असे नाही. ज्यांना होतात, त्यांतही सुमारे हजारांत एकालाच पुढे जीबीएस होतो. या जिवाणूच्या आवरणातील काही घटक आपल्या मज्जातंतूंवरील घटकांसारखे असतात, त्यामुळे त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे काहींच्या बाबतीत मज्जातंतूंवरच हल्ला करतात. म्हणजे येथे निम्मे काम यजमानाची प्रतिकारयंत्रणाच करते.

त्यामुळेच जीबीएस एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही आणि रुग्णाच्या घरच्यांनी त्याच्यापासून दूर राहण्याचे कारण नाही. प्राथमिक प्रतिबंध पाण्यापाशीच होतो : क्लोरीन, उकळणे, सांडपाण्याच्या गळत्या बुजवणे. रुग्ण वॉर्डात आल्यावर तुमचे काम वेगळे असते. अशक्तता बहुधा पायांतून सुरू होऊन वर चढते आणि श्वसनाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकते. म्हणून रुग्ण एका श्वासात किती आकडे मोजतो, हे ठरावीक वेळाने पाहून नोंदवायचे असते. आकडा उतरू लागला, तर ऑक्सिजनची पातळी ठीक दिसत असली तरी डॉक्टरांना तत्काळ कळवावे, कारण ती पातळी फार उशिरा घसरते.