पाच तारांचा बेस आणि स्प्लिट-कॉइल

स्प्लिट-कॉइल पिकअपचा (पिकअप म्हणजे तारांचं कंपन टिपणारा चुंबकीय भाग, इथे दोन तुकड्यांत विभागलेला) पाच तारांचा बेस गिटार घ्यावा का, असं विचारलंस ना? चांगला वाजतो, बिनधास्त घे. फक्त दुकानात आधी बी, म्हणजे सगळ्यात जाड आणि खालच्या सुराची पाचवी तार ऐक. चार तारांच्या बेसवरची सगळ्यात जाड तार, ई, साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, बी ३१ वर. त्यामुळे ती ढिली किंवा गढूळ वाटली की लोक पिकअपला शिव्या घालतात. खरं तर बहुतेकदा तार बारीक असते, नाहीतर सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणी) बिघडलेला असतो. मी स्वतः एकदा उगाच पिकअप बदलून बसलोय! आधी १३० ची (०.१३० इंच जाडीची) तार लावून बघ. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३५ इंची असेल तर ताण आणखी वाढतो.

फेंडर कंपनीने आपल्या प्रिसिजन बेसवर १९५७ साली आणलेल्या स्प्लिट-कॉइल मांडणीत जाड तारांखालचा अर्धा भाग नेककडे (बेसच्या मानेकडे) असतो. आवाज गोल, भरीव येतो, पण बी थोडी पसरते. काही बेसवर ही मांडणी उलटी असते, म्हणजे जाड तारांचा भाग ब्रिजकडे (तारा जिथे बेसच्या अंगाला अडकवलेल्या असतात तिकडे). तिथे बी घट्ट, स्पष्ट ऐकू येते. मला पाच तारांवर हीच आवडते.

आणि हो, घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर बीचा निकाल लावू नकोस. बरा हेडफोन लाव.